यंत्राच्या दप्तरातील तारीख

पेशवे दप्तरातील मोडी कागद वाचावयास बसलेल्या नवख्या अभ्यासकाला पहिली ठेच मजकुरात लागत नाही. ती तारखेत लागते. "छ" असे एक एकटे अक्षर दिसते, त्यापुढे आकडा येतो, आकड्यापुढे रमजान किंवा जिल्हेज असे हिजरी महिन्याचे नाव येते, आणि वर्ष सांगावयाचे ते खमस, सबा, समान अशा अरबी अंकशब्दांत सांगितलेले असते. "छ" हे चंद्राचे संक्षेपचिन्ह आहे, आणि सुहूर सनाच्या आकड्यात महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवले म्हणजे इसवी सन हाती येतो, एवढी दोन गमके कळली की कोडे सुटते. परंतु तेवढ्यात दुसरा एखादा कागद असा निघतो की ज्यावर शालिवाहन शक आणि तिथी आहे, तिसऱ्यावर राज्याभिषेक शक आहे, आणि मुंबईकर इंग्रजांच्या पत्रावर सरळ इंग्रजी महिना आणि इंग्रजी तारीख आहे. हे चारही कागद एकाच दिवशी लिहिलेले असू शकतात. दिवस एकच, पण कागद कोणत्या दरबारी रुजू व्हावयाचा, तो वाचणार कोण, आणि त्या वाचणाऱ्याच्या दप्तरात काळ मोजण्याची वहिवाट कोणती, हे पाहून कारकून तारखेचे रूप ठरवीत असे.

आज हे कारकुनीचे काम बहुतांशी संगणकाकडे आले आहे. विजेच्या बिलावर, रेल्वेच्या तिकिटावर, बँकेच्या संदेशात किंवा दुकानाच्या पावतीत जी तारीख आणि वेळ आपण वाचतो, ती कोणा माणसाने लिहिलेली नसते. कोठल्या तरी सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामातील एखाददुसऱ्या ओळीने ती त्या क्षणी घडवलेली असते. असे प्रोग्राम पुष्कळदा स्क्रिप्ट भाषांत लिहितात, म्हणजे पायथन, पीएचपी, पर्ल, जावास्क्रिप्ट अशा भाषांत, ज्यांतील मजकूर आधी यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवण्याचा वेगळा खटाटोप प्रोग्रामरला करावा लागत नाही. ओळ लिहावी आणि लगेच चालवून पाहावी. आताची तारीख हव्या त्या नमुन्यात छापून घेणे हा या भाषा शिकणाऱ्याच्या अगदी आरंभीच्या धड्यांपैकी एक धडा असतो आणि तो दहा मिनिटांत संपतो, म्हणून तो क्षुल्लक आहे असा सर्वांचा समज होतो. वस्तुतः या एका ओळीत खगोलशास्त्र, राजकारण, धर्मसंस्था, महायुद्ध आणि गेल्या पन्नास वर्षांतील प्रोग्रामरांच्या लहरी इतक्या दाटीने बसल्या आहेत की, तिचा उलगडा करू गेले असता चांगल्या अनुभवी माणसांचीही तारांबळ उडते.

संगणकाच्या आत तारीख नसतेच, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आत असते ती एक गणना. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाच्या प्रणालीचा पाया घातला. तिच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तकात वेळ ही १ जानेवारी १९७१ पासून लोटलेल्या सेकंदाच्या साठाव्या अंशांत मोजावी असे ठरले होते. परंतु यंत्राच्या ज्या खणात हा आकडा ठेवावयाचा त्याची धारणाशक्ती इतक्या बारीक मोजणीने सुमारे सव्वादोन वर्षांतच संपते, हे ध्यानी येताच अंश टाकून पूर्ण सेकंद घेतले गेले आणि आरंभबिंदू म्हणून १ जानेवारी १९७० ची ग्रिनिच येथील मध्यरात्र मुक्रर झाली. त्या क्षणी भारतात गुरुवारची पहाट होती आणि साडेपाच वाजले होते. शक सुरू करावयाचा तर विक्रम किंवा शालिवाहन यांसारखा कोणी पराक्रमी पुरुष आणि त्याचा एखादा विजय लागतो, ही आपली परंपरागत कल्पना. जगातील बहुतेक सर्व्हर आणि फोन आज ज्या शकाने चालतात, त्याच्या मुळाशी मात्र ना राजा आहे ना विजय. एक वर्षाचा आरंभ हाताशी होता, तो सोयीचा वाटला, इतकेच. त्या क्षणापासून किती सेकंद लोटले, एवढीच एक संख्या यंत्र अहोरात्र वाढवीत असते.

त्यातही थोडी लबाडी आहे. पृथ्वीचे भ्रमण आणि आण्विक घड्याळे यांचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून २०१६ च्या अखेरपर्यंत जगाच्या प्रमाण वेळेत २७ अधिक सेकंद घालण्यात आले. आपल्या अधिक मासाचे हे सूक्ष्म भावंड. युनिक्सच्या गणनेने मात्र प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरला आणि या अधिक सेकंदांकडे काणाडोळा केला. २०३५ पर्यंत ही प्रथाच बाजूला सारण्याचा ठराव आंतरराष्ट्रीय वजनमापांच्या परिषदेने २०२२ साली केला आहे, तेव्हा या प्रकरणात अधिक शिरण्याचे कारण नाही.

आता एक संख्या घेऊ: १,२३,४५,६७,८९०. ज्या क्षणी युनिक्सच्या गणकाने एकापासून शून्यापर्यंतचे सर्व अंक असे ओळीने दाखवले, तो क्षण लंडनमध्ये शुक्रवार, १३ फेब्रुवारी २००९ रोजी रात्री ११ वाजून ३१ मिनिटे ३० सेकंदांनी आला. मुंबईत तोच क्षण शनिवार, १४ फेब्रुवारी रोजी पहाटे ५ वाजून १ मिनिट ३० सेकंदांनी आला. महिना सोडला तर वार, तारीख, प्रहर यांतले काहीच जुळत नाही, आणि तरी संख्या एकच आहे. संख्येला वार नाही, महिना नाही, गाव नाही. ते सर्व तिला बाहेर पडताना मिळते. माझ्या मते या विषयातील नव्वद टक्के गोंधळ, क्षण ही एक वस्तू आहे आणि क्षणाचे लेखन ही दुसरी, हा भेद विसरल्याने होतो.

क्षणाचे लेखन करणाऱ्या कारकुनाचे नाव स्ट्रफ्टाइम. रिची यांनीच घडवलेल्या सी भाषेचे अमेरिकन प्रमाणीकरण १९८९ साली झाले, त्यात हे फंक्शन नोंदले गेले आणि तेथून ते पायथन, पर्ल, रुबी यांत जवळजवळ जसेच्या तसे उतरले. युनिक्सवर केवळ तारीख सांगणारी जी आज्ञा असते, तिलाही तोच जाबता लागू आहे. त्याची रीत छापील अर्जासारखी आहे: ठराविक मजकूर जसाच्या तसा राहतो आणि मधल्या मोकळ्या जागा त्या वेळच्या माहितीने भरल्या जातात. मोकळी जागा कोठे आहे हे टक्क्याच्या चिन्हाने सांगावयाचे, आणि त्या जागी काय भरावयाचे ते चिन्हापुढील एका रोमन अक्षराने. लहान डी म्हणजे दिवसाचा आकडा, लहान एम म्हणजे महिन्याचा, मोठा वाय म्हणजे चार आकडी वर्ष. तेव्हा हे तीन संकेत मध्ये तिरप्या रेघा देऊन लिहिले की वरच्या उदाहरणाची तारीख १४/०२/२००९ अशी बाहेर येते. मोठ्या एने पूर्ण वार मिळतो, लहान एने त्याचे आखूड रूप. मोठ्या बीने महिन्याचे नाव. मोठ्या एचने चोवीस तासी घड्याळाचा तास, आणि बारा तासी हवा असेल तर मोठा आय, ज्याच्या जोडीला पूर्वाह्ण की अपराह्ण हे सांगणारा लहान पी दिलाच पाहिजे, नाहीतर सकाळचे पाच आणि संध्याकाळचे पाच यांत भेद उरत नाही. वर्षातील कितवा दिवस हे सांगणारा लहान जे आहे. आणि खुद्द टक्क्याचेच चिन्ह छापावयाचे असेल तर ते दोनदा लिहावे, अशीही तजवीज केलेली आहे.

या जाबत्यातील खरी खोच लहान-मोठ्या अक्षरांत आहे. लहान एम महिना देतो आणि मोठा एम मिनिटे देतो. आता एखाद्याने घाईत वेळ लिहिताना मिनिटांच्या जागी लहान एम टाकला, तर यंत्र तक्रार करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने मागणी रास्तच आहे; ते पाच वाजून एक मिनिटाऐवजी पाच वाजून दोन मिनिटे छापते, कारण महिना फेब्रुवारी, म्हणजे दुसरा. त्या फेब्रुवारीभर प्रत्येक पावतीवर तास कोणताही असो, मिनिटे दोनच राहतात, मार्च लागताच तीन होतात, आणि आकडा संभाव्य असल्यामुळे पाहणाऱ्याला संशयही येत नाही. जी चूक आरडाओरडा करून पुढे येते ती परवडते. अशी सभ्य वेषातील चूक वर्षानुवर्षे दप्तरात नांदते.

पीएचपीने, म्हणजे रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे असंख्य संकेतस्थळांचा कणा झालेल्या भाषेने, टक्क्याचे चिन्हच काढून टाकले आणि अक्षरे उघडी लिहिण्याचा प्रघात पाडला. तेथे महिन्याने एम हे अक्षर लहानमोठ्या दोन्ही रूपांत अडवून ठेवल्यामुळे मिनिटांच्या वाट्याला आय हे अक्षर आले, ज्याचा मिनिटांशी काडीचा संबंध नाही आणि म्हणूनच ते पाठच करावे लागते. अक्षरे उघडी असल्याने नमुन्यात एखादा इंग्रजी शब्द सहज लिहिला तर त्यातील बहुतेक अक्षरांना यंत्र संकेत समजते आणि शब्दाच्या ठिकाणी आकड्यांचा भलताच काला होतो. मराठी माणसाला मात्र येथे आयती सवलत आहे, कारण "दिनांक" किंवा "रोजी" हे देवनागरी शब्द त्या संकेतांत नाहीत, ते निर्वेधपणे जसेच्या तसे छापले जातात. याच यादीत मोठा बी म्हणून एक चमत्कारिक अक्षर आहे. स्वॉच या स्विस घड्याळ कंपनीने १९९८ साली दिवसाचे हजार भाग पाडून साऱ्या जगासाठी एकच वेळ चालवण्याची टूम काढली होती, त्या वेळेचे हे अक्षर. ती टूम मागे पडली, अक्षर राहिले. आपल्या साठ घटिकांना मात्र कोणत्याही भाषेने अक्षर दिलेले नाही.

वर्षाच्या संकेतातील सापळा याहून अवघड आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाचा पहिला आठवडा तो, ज्यात त्या वर्षाचा पहिला गुरुवार येतो. त्यामुळे २९ डिसेंबर २०१४ हा सोमवार आठवड्यांच्या हिशेबाने २०१५ सालात पडतो. हिशेबनिसांसाठी हे आठवडी वर्ष काही भाषांत मोठ्या वायने आणि साधे वर्ष लहान वायने मागतात, स्ट्रफ्टाइममध्ये मोठा वाय साधे वर्ष देतो आणि आठवडी वर्षासाठी मोठा जी असतो. तेव्हा एका भाषेतून दुसरीत गेलेला प्रोग्रामर सवयीने भलतेच अक्षर लिहितो, ते वर्षाचे ३६० दिवस बिनबोभाट चालते, आणि डिसेंबरच्या शेवटच्या दोनतीन दिवसांत यंत्र एकाएकी वर्षभर पुढे उडी मारते. अशा चुका नाताळच्या सुट्टीतच उघडकीला याव्या, हा दैवदुर्विलास खास प्रोग्रामरांच्या नशिबी लिहिला आहे.

महिने शून्यापासून मोजण्याची चालही सी भाषेचीच. महिन्यांची नावे एका यादीत ठेवावयाची, आणि सीमध्ये यादीची मोजणी शून्यापासून होते, म्हणून जानेवारी शून्य आणि डिसेंबर अकरा; दिवसांना स्वतंत्र नावे नाहीत म्हणून ते बिचारे एकापासून. वर्षाचा आकडा तर १९०० वजा करून ठेवावयाचा, म्हणजे १९९५ हे नुसते ९५. लॅरी वॉल यांच्या पर्लने १९८७ साली हा वारसा उचलला. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, तेव्हा तारखेचा सबंध विभाग त्यांनी जावा भाषेवरून घेतला, आणि जावानेही तो वारसा जपला होता. जावाने आपल्या त्या विभागातील बऱ्याच गोष्टी पुढे दोन वर्षांतच कालबाह्य ठरवल्या. जावास्क्रिप्टमध्ये त्या आजतागायत आहेत, आणि त्यांची जागा घेणारी टेम्पोरल नावाची नवी व्यवस्था ब्राउझरांत आता कोठे उतरू लागली आहे. वर्षातून १९०० वजा होतात हे ज्यांच्या ध्यानात नव्हते त्यांनी आपल्या स्क्रिप्टमध्ये "१९" हे दोन अंक आधी छापून त्यापुढे यंत्राने दिलेला आकडा चिकटवण्याची युक्ती केली होती. नव्याण्णवपर्यंत ती निभावली. १ जानेवारी २००० रोजी यंत्राने शंभर हा आकडा दिला आणि जगभरातील अनेक पानांवर १९१०० साल उजाडले. त्यांत अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे, म्हणजे ज्या संस्थेकडे त्या राष्ट्राचे प्रमाण घड्याळ आहे तिचेच, संकेतस्थळ होते. घड्याळ बिनचूक होते. चुकले होते ते लेखन.

येथवर अक्षरांचा प्रश्न झाला. गावाचा प्रश्न याहून बिकट आहे. पुष्कळ सर्व्हर ग्रिनिचच्या प्रमाण वेळेवर लावलेले असतात, आणि स्क्रिप्टला आपण कोणत्या प्रदेशासाठी तारीख लिहीत आहोत हे सांगितले नाही तर ती ग्रिनिचचीच तारीख लिहिते. परिणामी नरकचतुर्दशीच्या पहाटे पाच वाजता कोणी अर्ज भरला, तर पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडते, कारण ग्रिनिचचा दिवस आपल्याकडे साडेपाचला उजाडतो. गंमत अशी की आपल्या पंचांगातील वारही मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. त्यामुळे यंत्राची ही चूक जोशीबुवांना फारशी चूक वाटू नये. ज्याची रात्री बारा वाजून दहा मिनिटांची गाडी एक पूर्ण दिवस आधी निघून गेली आहे, अशा प्रवाशाला मात्र दिवस कोणत्या क्षणी बदलतो हा प्रश्न तात्त्विक राहात नाही.

कोणत्या प्रदेशात कोणत्या काळी घड्याळे कशी लावली जात, याची एक मोठी सामायिक नोंदवही संगणकवाल्यांनी ठेवली आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली, पॉल एगर्ट यांनी ती पुढे वाढवली, आणि २०११ पासून इंटरनेटच्या नावांचा व क्रमांकांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली ती आहे. तीत भारताच्या वेळेचे नाव "एशिया/कोलकाता" असे आहे. मुंबईकराला ते रुचो वा न रुचो, आपल्या स्क्रिप्टमध्ये त्याला कोलकात्याचेच नाव घालावे लागते. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली साडेपाच तासांची भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, हे त्या वहीत आहे. त्यापूर्वीची ५ तास २१ मिनिटे १० सेकंदांची मद्रास वेळ, जी रेल्वे पाळीत असे, तीही आहे. मात्र ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे असलेली, मद्रासच्या मागे अर्धा तास आणि नव्या प्रमाण वेळेच्या मागे ३९ मिनिटे राहिलेली जी मुंबई वेळ, ज्या वेळेसाठी १९०६ साली गिरणी कामगारांनी आणि नगरपालिकेने सरकारला उघड विरोध केला आणि जी शहरातील कित्येक घड्याळांत स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली, तिचा वेगळा प्रदेश त्या वहीत नाही. १९०० सालच्या मुंबईतील एखाद्या घटनेची वेळ पायथनला विचारली तर तो निःशंकपणे मद्रासची वेळ सांगतो, आणि नाव कोलकात्याचे घेतो.

याच वहीत दुसऱ्या महायुद्धाचीही एक खूण आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातील घड्याळे एक तास पुढे, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होती. त्या काळात जन्मलेल्या माणसाची पत्रिका मांडताना जाणता ज्योतिषी सांगितलेल्या वेळेतून एक तास वजा करतो. पायथनही, प्रदेशाचे नाव नीट दिले असेल तर, तीच वजाबाकी आपणहून करतो. या एका बाबतीत दोघांचा जाबता एकच आहे. परदेशी राहणाऱ्यांची कथा निराळी: न्यू जर्सीतील मराठी मंडळाला पुण्याहून कार्यक्रमाची वेळ कळवावयाची तर अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे असते, आणि ते कोणत्या रविवारी बदलते हे आपण ध्यानात ठेवण्यापेक्षा वहीवर सोपवणे शहाणपणाचे.

इतिहासाच्या अभ्यासकाला तर आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ रोजी झाला, आणि लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत त्या दिवशी शुक्रवार असल्याची नोंद आहे. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० अशी धरली जाते. ही तारीख पायथनला देऊन मोठ्या एने वार मागितला, तर उत्तर येते मंगळवार. शकावली खोटी नाही आणि पायथनही गणितात चुकलेला नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्यूलियन पंचांगाची तारीख आहे, कारण इंग्रजांनी आणि त्यांच्या वसाहतींनी ग्रेगोरियन पंचांग १७५२ साली स्वीकारले, तर पायथन आजचे ग्रेगोरियन पंचांगच इसवी सन १ पर्यंत मागे ताणून नेतो. दहा दिवसांचा फरक मिळवून १ मार्च १६३० ही तारीख दिली की तोच पायथन शुक्रवार सांगतो. युनिक्सवर दिनदर्शिका छापणारी जी जुनी आज्ञा आहे, ती या बाबतीत अधिक इतिहासज्ञ म्हणावी लागेल: तिला सप्टेंबर १७५२ चे पान मागितले तर ती २ तारखेपुढे एकदम १४ छापते, कारण इंग्लंडात त्या महिन्यात मधले अकरा दिवस खरोखरच वगळले होते.

मागच्या काळाची ही गत, तर पुढच्या काळाचीही एक मर्यादा ठरलेली आहे. जुन्या पद्धतीच्या बत्तीस द्विमान अंकांच्या खणात २,१४,७४,८३,६४७ हून मोठी संख्या मावत नाही. ती भरण्याचा क्षण भारतात मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी येईल, आणि त्यापुढच्या सेकंदाला अशी यंत्रे डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडतील. नव्या यंत्रांत खण दुप्पट रुंद केले आहेत, त्यांना ही भीती नाही. भीती आहे ती भिंतीत, मीटरांत आणि कारखान्यांत बसवून विसरलेल्या लहानसहान उपकरणांची.

तारीख कशी लिहावी याविषयी प्रमाणीकरण करणाऱ्यांनी १९८८ साली एक तोडगा प्रसिद्ध केला: आधी चार आकडी वर्ष, मग दोन आकडी महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल आणि अमेरिकनाला ४ मार्च, हा तंटा त्याने मिटतो. शिवाय अशी नावे दिलेल्या फाइली अक्षरक्रमाने लावल्या की त्या आपोआप कालक्रमानेच लागतात, हा लाभ रोजकीर्द ठेवणाऱ्या कोणासही पटावा. दप्तरात ठेवण्यासाठी याहून चांगला नमुना नाही, असे मी बेलाशक म्हणेन. पण वाचकासाठी तो नमुना रूक्ष आहे. लग्नपत्रिकेवर २०२५-०८-१५ असे कोणी छापणार नाही.

वाचकासाठी काय करावे याची सोय यंत्रात केव्हाच झालेली आहे. जगातील भाषांच्या लेखनपद्धतींचा जो कोश युनिकोड संस्था सांभाळते, त्यात मराठीचे दालन आहे. जावास्क्रिप्टला तारीख छापताना "एमआर-आयएन" एवढे प्रदेशनाम दिले, तर वारांची आणि महिन्यांची नावे मराठीत येतात, आणि अंकही देवनागरी येतात. शेजारच्या हिंदीला त्याच कोशात इंग्रजी अंक ठरवून दिलेले असताना मराठीने आपले अंक राखले आहेत. त्या नावापुढे भारतीय पंचांगाची खूण जोडली, तर मेघनाद साहा यांच्या समितीने सुचवलेली आणि २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेली राष्ट्रीय दिनदर्शिकाही यंत्र जाणते; १५ ऑगस्ट २०२५ ला ते २४ श्रावण, शके १९४७ असे म्हणते. पंचांगाप्रमाणे त्या दिवशी श्रावण वद्य सप्तमी होती. तिथी सूर्यचंद्रांतील बारा बारा अंशांच्या अंतराने ठरते, तिचा क्षय होतो, वृद्धी होते, आणि ती कोणत्याही टक्क्यापुढील अक्षरात मावलेली नाही. तिच्यासाठी गणित वेगळे मांडावे लागते.

इतके असून मराठी मजकुराच्या पानावर, मराठी अर्जाच्या पावतीवर, मराठी वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरसुद्धा महिन्याचे नाव इंग्रजीत आणि तास ग्रिनिचचा छापलेला आढळतो, याला यंत्राची असमर्थता हे कारण नाही. सी भाषेचा आणि तिच्या वंशातील भाषांचा मूळ स्वभाव इंग्रजी नावे छापण्याचा आहे, आणि तो बदलण्यासाठी एक प्रदेशनाम आणि एक वेळेचे नाव अशा दोन गोष्टी कोणाला तरी मागाव्या लागतात. मराठी वाचकांसाठी स्क्रिप्ट लिहिणाऱ्या तरुण मंडळींनी त्या मागाव्या, आणि ज्यांच्या हाती अशी पावती पडते त्या वाचकांनी संबंधित कचेरीकडे तसे लेखी कळवावे. पत्रावर तारीख घालताना महिना अक्षरांत आणि वर्ष चार आकड्यांत लिहावे.